संगणकजाल की माहिती-सुरक्षा : एका व्यवसाय-निवडीचा विचार

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच ‘एम्स’ या नावाने देशभर परिचित असलेल्या रुग्णालयातील, संगणकांचे काम एकाएकी बंद पडले. बाह्यरुग्णांची नोंदणी, रुग्णांस दाखल करून घेणे व घरी सोडणे, प्रयोगशाळेचे अहवाल, बिले ही सारी कामे ज्या प्रणालीवर चालत, ती प्रणालीच हाती लागेना. कोणा अज्ञात व्यक्तींनी रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये शिरकाव करून तेथील माहिती कूटलिपीत बदलून टाकली होती. माहिती जागच्या जागी होती, पण ती वाचण्याची किल्ली चोराच्या खिशात गेली होती. कर्मचाऱ्यांनी पुन्हा कागद आणि लेखणी हाती घेतली व केसपेपर हाताने लिहिले जाऊ लागले. बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले.

पुढे संसदेत या घटनेविषयी प्रश्न विचारला गेला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशा रीतीने कूटबद्ध झाली होती, असे सरकारने उत्तरात सांगितले. आणि हे घडू शकले याचे कारण म्हणून संगणकजालाची विभागणी योग्य प्रकारे झालेली नव्हती, असे नमूद केले. सर्वसाधारण वाचकाच्या दृष्टीने हा तपशील रूक्ष वाटेल. तथापि संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणांना आज वारंवार पडणाऱ्या एका प्रश्नाचे मर्म त्यात आहे. संगणकांची जाळी उभारण्याचा व चालविण्याचा व्यवसाय पत्करावा, की त्या जाळ्यांतून वाहणाऱ्या माहितीच्या संरक्षणाचा? दिल्लीच्या त्या घटनेत हल्ला हा सुरक्षेचा विषय होता, परंतु सदोष होती ती जाळ्याची रचना. मग चूक कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी ही दोन कामे प्रत्यक्षात कशी असतात हे पाहिले पाहिजे. कारण पदांची नावे ऐकून होणारी कल्पना आणि रोजचे काम यांत पुष्कळ अंतर असते.

जाळ्याचे काम

एका संगणकातून दुसऱ्या संगणकाकडे जाणारी माहिती अखंड प्रवाहासारखी जात नाही. तिचे लहान लहान तुकडे पाडले जातात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रे हा पत्ता पाहून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे ढकलतात. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी होते तशीच ही क्रिया होय. फरक एवढाच, की येथे एकाच पत्राचे दहा तुकडे दहा वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि ते पुन्हा क्रमाने जुळविण्याची जबाबदारी घेणाऱ्या संगणकावर असते. आज जगभर प्रचलित असलेली ही पद्धती व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली एका निबंधात मांडली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे संपूर्णपणे तिच्यावर आणले गेले.

हे जाळे सात थरांचे मानण्याची प्रथा आहे. सर्वांत खालच्या थरावर तांब्याची अथवा काचतंतूंची केबल असते, सर्वांत वरच्या थरावर माणसाला दिसणारा कार्यक्रम असतो. जाळ्याचे काम करणारा मनुष्य दोष शोधू लागला म्हणजे बहुधा खालून वर जातो. केबल खोचलेली आहे काय, स्विचवरचा दिवा लागतो काय, यंत्रास पत्ता मिळाला आहे काय, बाहेर जाण्याचा मार्ग ठाऊक आहे काय, असे एकेक प्रश्न तो निकालात काढतो. ‘इंटरनेट चालत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या टेबलाखालील केबल झाडूच्या धक्क्याने निसटलेली असते, हा या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जो मनुष्य केबलपासून प्रारंभ करीत नाही, तो पुष्कळदा दोन तास वाया घालवून शेवटी केबलपाशीच येतो.

आता वर उल्लेखिलेली विभागणी म्हणजे काय ते समजून घेणे सोपे जाईल. मोठ्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडक्यांवरील संगणक असतात, क्ष-किरण विभागातील यंत्रे असतात, हिशेबनिसांचे संगणक असतात, डॉक्टरांचे व विद्यार्थ्यांचे असतात. हे सारे एकाच सलग जाळ्यात जोडले, तर उभारणीचे काम सोपे होते, खर्च कमी होतो आणि सर्व काही ताबडतोब चालू लागते. पण मग घराला बाहेरचा दरवाजा भक्कम आणि आत एकही दार नाही, अशी स्थिती होते. चोर एकदा ओसरीवर आला की माजघर, देवघर, कोठी सर्व त्याला मोकळे. म्हणून जाणता जाळेकार प्रत्येक विभागाचे स्वतंत्र उपजाल करतो आणि एका उपजालातून दुसऱ्यात कोणत्या प्रकारची पॅकेटे जाऊ द्यावयाची याचे नियम राउटरमध्ये अथवा फायरवॉलमध्ये लिहितो. हे नियम लिहिणे किचकट असते. एखादा नियम चुकला की कोणाचे तरी काम अडते, दूरध्वनी खणखणू लागतात, आणि तो दबाव सहन न होऊन ‘तूर्त सर्व मोकळे ठेवू, नंतर पाहू’ असा निर्णय घेतला जातो. ते ‘नंतर’ अनेक संस्थांत कधीच उजाडत नाही.

जाळ्याच्या कामाला रात्रीची सवय करून घ्यावी लागते. राउटर बदलणे, नवी प्रणाली चढविणे ही कामे लोक झोपलेले असतानाच करता येतात. बँकेत तर महिनाअखेरीला कोणत्याही बदलास हात न लावण्याचीच शिस्त असते. दुसरी गोष्ट अशी की हे काम केवळ महानगरांतील वातानुकूलित दालनांत चालत नाही. २०११ साली केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूंची केबल नेण्याची योजना मंजूर केली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. रस्त्याच्या कडेला चर खणणे, केसाएवढे बारीक काचतंतू यंत्राने सांधणे, रस्तारुंदीकरणात तुटलेली केबल नेमकी कोठे तुटली हे मोजून काढणे, हाही याच व्यवसायाचा भाग आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहू इच्छिणाऱ्यास तो उपलब्ध आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक-यंत्रसामग्री व जाळ्याची देखभाल हा स्वतंत्र व्यवसायक्रम शिकविला जातो, तो याच गरजेपोटी.

राखणीचे काम

आरंभीच्या जाळ्यांत राखणदार नव्हते. आर्पानेटवरील मंडळी एकमेकांस नावाने ओळखत होती. भारतातही १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे सुरू केले, तेव्हा त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था अशी मोजकीच मंडळी होती. अशा बिरादरीत कुलपांची चर्चा करणे हे जवळजवळ असभ्यपणाचे वाटले असते.

त्याच १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेत एक घटना घडली. माहिती-सुरक्षेचे काम म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्ट करून सांगणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ तेथे संगणकांची व्यवस्था पाहत असे. संगणक वापरणाऱ्यांकडून वेळेनुसार आकार घेतला जाई, आणि त्या हिशेबात ७५ सेंटांची तूट आली. रक्कम क्षुल्लक होती. कोणीही ती सोडून दिली असती. स्टोलने सोडली नाही. कोणी तरी काही सेकंद संगणक वापरला आहे आणि त्याचे पैसे भरणारे खाते अस्तित्वात नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने बाहेरून येणाऱ्या दूरध्वनी-मार्गांवर मिळतील तेवढे छपाईयंत्र व टर्मिनल उसने आणून जोडले आणि आगंतुक काय टंकतो ते कागदावर उतरवून घेतले. हा आगंतुक लष्करी संगणकांची दारे चाचपीत होता. स्टोलने त्याला हुसकावून लावले नाही; त्याच्यासाठी आमिष म्हणून खोटी कागदपत्रे रचून ठेवली, म्हणजे तो दीर्घकाळ जोडलेला राहील आणि दूरध्वनी कंपन्यांना माग काढता येईल. कित्येक महिन्यांच्या खटपटीनंतर तो माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तेथील मार्कुस हेस नावाचा तरुण ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्यास विकत होता.

या हकिगतीत बुद्धीचे चमत्कार फारसे नाहीत. एक नोंदवही आहे, तीत प्रत्येक घटना वेळेसह लिहिलेली आहे. तारांची व मार्गांची पुरती माहिती आहे. वरिष्ठांना व निरनिराळ्या खात्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याची चिकाटी आहे. चित्रपटांत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावताना दाखवितात, त्याच्याशी या व्यवसायाचा संबंध जवळजवळ नाही. पाऊण डॉलरची तूट पाहून ज्याला झोप येत नाही, तो या कामास लायक, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी कार्यक्रम जाळ्यावर पसरला. त्या वेळी जाळ्यात अंदाजे साठ हजार संगणक होते. त्यांपैकी सुमारे सहा हजार ठप्प झाले, असा अंदाज पुढे सांगितला गेला. त्यानंतर लगेचच कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांचा प्रतिकार करणारे पहिले पथक स्थापन झाले. भारतात याच धर्तीवरील सर्ट-इन ही संस्था २००४ च्या जानेवारीत काम करू लागली आणि २००८ च्या दुरुस्तीने तिला माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्थान मिळाले.

आज माहिती-सुरक्षा हे एकच काम उरलेले नाही; ते अनेक कामांचे सामूहिक नाव आहे. मोठ्या बँकांत व कंपन्यांत अहोरात्र पहाऱ्याची दालने असतात. तेथे नवखे तरुण तीन पाळ्यांत बसून यंत्रांनी दिलेल्या इशाऱ्यांची छाननी करतात. इशारे पुष्कळ येतात आणि त्यांतील बहुसंख्य खोटे निघतात. खऱ्याची ओळख टिकविणे हीच कसोटी. दुसरा वर्ग परवानगी घेऊन हल्ला करणाऱ्यांचा. मालकाच्या लेखी संमतीने ते त्याच्या प्रणालीतील भोके शोधतात, आणि जेवढा वेळ शोधण्यात जातो जवळजवळ तेवढाच अहवाल लिहिण्यात जातो. गुन्ह्यानंतर संगणकातील पुरावा न बिघडविता काढणारे तज्ज्ञ वेगळे. नियम, लेखापरीक्षण व जोखमीचा हिशेब पाहणारे वेगळे. त्यांना यंत्रापेक्षा कागद अधिक हाताळावे लागतात. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर-सुरक्षेची चौकट घालून दिली, तेव्हापासून या अखेरच्या वर्गाला विशेष मागणी आहे. नियमाची सक्ती झाली म्हणजे ते पाळले जातात की नाही हे पाहणारी माणसे लागतातच.

चूक की हल्ला

या दोन व्यवसायांची सरमिसळ किती आहे हे दोन घटनांवरून दिसेल.

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला होता. तो अमलात आणण्यासाठी तेथील दूरसंचार कंपनीने आपल्या राउटरमध्ये यूट्यूबच्या पत्त्यांकडे जाणारा एक खोटा मार्ग लिहिला. तो देशातच राहावयाचा, पण चुकून बाहेर जाहीर झाला. जगभरचे राउटर एकमेकांवर विश्वास ठेवून मार्गांची देवघेव करतात, आणि अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचे म्हणणे आधी मानतात. परिणामी सुमारे दोन तास जगातील अनेक भागांतून यूट्यूबकडे निघालेली पॅकेटे पाकिस्तानच्या वाटेला लागली व तेथे लुप्त झाली. ही जाळेकाराची चूक होती. पण एखाद्या शत्रूने हेच बुद्ध्या केले असते, तर राउटरांना त्यात काही फरक दिसला नसता.

दुसरी घटना ४ ऑक्टोबर २०२१ ची. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा सुमारे सहा तास साऱ्या जगात बंद होत्या. भारतात तेव्हा रात्र होती, आणि अनेकांनी आपलाच फोन बिघडला असे समजून तो पुन्हा पुन्हा बंद करून चालू केला. प्रारंभी हा मोठा हल्ला असावा असा तर्क झाला. वस्तुतः देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले होते. आणि अशी आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या साधनातही दोष होता. दुरुस्तीसाठी माणसांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. आत शिरणे आणि आतील यंत्रांत फेरफार करणे अवघड व्हावे, अशीच त्या केंद्रांची सुरक्षाव्यवस्था केलेली होती; त्यामुळे दुरुस्तीस अधिक वेळ लागला. राखणदाराने घातलेले कुलूप येथे विणकराच्या आड आले.

जाळे सुरळीत चालावे हे एकाचे ध्येय, ते नको तेवढे सुरळीत चालू नये हे दुसऱ्याचे. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या या दोन माणसांत खटके उडतात, यात नवल नाही. ज्याने दोन्ही खुर्च्यांवर काही काळ काढला आहे असा मनुष्य या खटक्यांत उपयोगी पडतो. म्हणून मोठ्या संस्था अशा माणसांच्या शोधात असतात.

स्वभावाचा प्रश्न

निवड करताना वेतनाचे आकडे पाहण्याकडे पालकांचा कल असतो. तो स्वाभाविक आहे. कित्येक घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते. परंतु वेतने वर्षा-दोन वर्षांत बदलतात, स्वभाव तितक्या लवकर बदलत नाही.

जाळ्याच्या कामात यशाची खूण तात्काळ मिळते. दिवा लागतो, पॅकेट पोहोचते, तक्रार करणारा मनुष्य आभार मानून जातो. यंत्र हट्टी असले तरी कपटी नसते. आज ज्या कारणाने बिघडले त्याच कारणाने उद्या बिघडेल. सुरक्षेच्या कामात समोर विचार करणारा प्रतिस्पर्धी असतो, आणि यशाची खूण म्हणजे काहीही न घडणे. जे घडले नाही ते वरिष्ठांना दाखविता येत नाही. दहा वर्षे उत्तम पहारा करणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते आणि अकराव्या वर्षीच्या एका चुकीने ते सर्वतोमुखी होते. हा अन्याय ज्याला सोसणार नाही, त्याने त्या वाटेला जाण्यापूर्वी पुन्हा विचार केलेला बरा.

शिक्षणाच्या क्रमाविषयी मात्र निश्चित मत देता येईल. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी आधी जाळे शिकावे. जी वाट माहीत नाही तिच्यावर पहारा करता येत नाही. पॅकेट कोठून कोठे जावयास हवे हे ज्याला कळत नाही, त्याला ते भलतीकडे जात असल्याचे ओळखता येणार नाही. परीक्षांची रचनाही याच दिशेने बोट दाखविते. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या प्राथमिक परीक्षेची २०२० साली फेररचना झाली, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमात सुरक्षेच्या मूलतत्त्वांना १५ टक्के आणि स्वयंचलनाला १० टक्के वाटा देण्यात आला. उलट बाजूस, सुरक्षेतील सीआयएसएसपी ही नामांकित पदवी केवळ परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळत नाही. तिच्यासाठी पाच वर्षांच्या सवेतन अनुभवाची अट आहे, शिक्षणाबद्दल फार तर एका वर्षाची सूट मिळते. तेव्हा कोणी शिकवणीवाला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलास तीन महिन्यांत ‘सुरक्षातज्ज्ञ’ करून देण्याची हमी देत असेल, तर त्याच्या जाहिरातीतील हा विरोध पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावा.

या नियमाला अपवाद आहेत. ज्याचे मन कार्यक्रम लिहिण्यात रमते, तो सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्याकडे सरळ जाऊ शकतो. गणिताची आवड असणाऱ्यास कूटशास्त्राचे दार आहे. ते अरुंद आहे, पण आहे. वाणिज्य अथवा कायदा शिकलेल्यांना लेखापरीक्षणाची व विदासंरक्षणाची बाजू जवळची, विशेषतः २०२३ च्या व्यक्तिगत विदासंरक्षण कायद्यानंतर. या कोणालाही राउटर जोडत बसण्याची सक्ती नाही. तरी पॅकेटची ओळख त्यांनाही अनाठायी ठरणार नाही.

जाळ्याच्या व्यवसायाचे भवितव्य काय, अशी शंका काही जण घेतात. ती निराधार नाही. पूर्वी प्रत्येक संस्था आपल्या तळघरात सर्व्हर ठेवीत असे; आता ती जागा दूरच्या मोठ्या केंद्रांनी घेतली आहे. शेकडो स्विचवर एकेक करून आज्ञा टंकण्याचे काम कार्यक्रम करू लागले आहेत. केवळ पाठ केलेल्या आज्ञा टंकणाऱ्याची गरज उत्तरोत्तर कमी होत जाईल. पण तोच प्रकार पहाऱ्याच्या दालनातही आहे. पहिल्या पायरीवरील छाननी यंत्रेच करू लागली आहेत. म्हणजे या एका कारणासाठी इकडून तिकडे उडी मारण्यात अर्थ नाही. पायथन ही भाषा आणि लिनक्स ही कार्यप्रणाली दोन्हीकडे लागते, आणि दोन्ही विनामूल्य शिकता येतात.

सरावाची साधने

हे क्षेत्र शिकण्यासाठी फार मोठा खर्च करावा लागत नाही. दोन जुने संगणक, एक वापरलेला स्विच आणि थोडी केबल एवढ्यावर घरात जाळे उभे राहते. तेही शक्य नसल्यास जाळ्याची नक्कल करणारे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर सिस्कोच्या शिक्षणसंस्थेत विनामूल्य नाव नोंदवून मिळते. वायरशार्क या साधनाने आपल्याच संगणकातून जाणारी पॅकेटे उघडून पाहता येतात. १९९८ पासून उपलब्ध असलेले हे साधन जाळेकार आणि राखणदार दोघेही वापरतात, आणि आपला कल कोणीकडे आहे हे अजमावण्याची ती सोपी कसोटी आहे. पॅकेट का पोहोचले नाही याचे कुतूहल वाटते, की ते मुळात का निघाले याचे? आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात यंत्रणा, जाळे व सुरक्षा हे विषय एकत्रच शिकविले जातात.

सरावात एक मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. आपल्या मालकीच्या नसलेल्या संगणकात परवानगीवाचून शिरकाव करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईस पात्र ठरणारे कृत्य आहे, आणि ते अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाविद्यालयाच्या निकालाच्या संकेतस्थळावर ‘सहज पाहिले’ एवढ्यावर उमेदवारीच संपुष्टात येण्याचा धोका असतो. मॉरिसलाही कार्यक्रम जाळ्याचा विध्वंस करण्यासाठी सोडावयाचा नव्हता, असे त्याचे म्हणणे होते; न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. तो पुढे प्राध्यापक झाला, पण असे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही.

एवढा विचार करूनही, देशातील पुष्कळ ठिकाणी ही निवड प्रत्यक्षात करावीच लागत नाही, हे सांगितले पाहिजे. तालुक्याची सहकारी बँक, साखर कारखाना, नगरपालिकेचे रुग्णालय, मध्यम आकाराची शाळा अशा ठिकाणी संगणकाचा सारा कारभार एकाच माणसावर असतो. सकाळी तो छताजवळची केबल ओढतो, दुपारी विसरलेले पासवर्ड बदलून देतो आणि सायंकाळी वेळ उरला तर फायरवॉलची नोंदवही उघडतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविण्याची आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. लहान ठिकाणी ती व्यवहारतः याच माणसाच्या शिरावर येते. त्याच निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत असेही म्हटले आहे. घड्याळ जुळविणे हे जाळेकाराचे अगदी साधे काम. पण स्विच, सर्व्हर आणि फायरवॉल यांची घड्याळे पाच-पाच मिनिटांनी मागे-पुढे असतील, तर चोर आधी कोणत्या दाराने आला आणि नंतर कोठे गेला हे त्या १८० दिवसांच्या नोंदींवरून कोणालाही सांगता येत नाही.